सही न करणारी लेक

(सामुदायिक रेडिओवरील आमच्या गटाच्या भाषणाचा मजकूर)



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक उठता उठता एक जण म्हणाली, "परवा मी येणार नाही. माहेरी जायचंय. एका कागदावर सही करायची आहे." कसला कागद, असं विचारलं तर तिला नीट सांगता येईना. "दादा म्हणतो रीत असते. सगळ्याच बहिणी करतात," एवढंच ती म्हणाली. मग बैठक संपली तरी आम्ही उठलो नाही. वारस कोण, नाव कुणाचं लागतं, कुणाचं गळतं, यावर बराच वेळ बोलत बसलो. त्या बोलण्यातूनच आजचा विषय निघाला.

विषय आहे इंग्लंडमधल्या लॉर्ड लोकांच्या वंशावळी. तुम्ही म्हणाल, कुठे आपलं गाव आणि कुठे ते लॉर्ड! आम्हीही आधी तसंच म्हणालो. पण वाचायला घेतलं तेव्हा कळलं की तिथेही सगळं भांडण शेवटी जमिनीचं आहे, कागदाचं आहे आणि लेकीचं आहे. म्हणून आज चारशे वर्षांपूर्वीच्या एका लेकीची गोष्ट सांगणार आहोत. तिच्याआधी थोडी ओळख करून घेऊ.

इंग्लंडात राजाच्या खालोखाल पदवीवाली सरदार घराणी. त्यांच्या पाच पायऱ्या. सगळ्यात वर ड्यूक, मग मार्क्विस, मग अर्ल, मग व्हायकाउंट आणि शेवटी बॅरन. अर्लच्या बायकोला काउंटेस म्हणतात. ही पदवी राजा द्यायचा आणि ती पुढे वंशात चालायची. आपल्याकडे पाटीलकी-देशमुखीची वतनं चालायची, तसं समजा.

आता वंशात चालायची म्हटलं की वंश कोणता, हे लिहून ठेवायला हवं. आपल्याकडे कोल्हापूर-बेळगाव भागात हेळवी येतात आणि घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतात. त्र्यंबकेश्वराला गेलं तर तीर्थोपाध्याय वही काढून पणजोबांचं नाव दाखवतात. इंग्लंडात हे काम हेरल्ड नावाचे राजाचे अधिकारी करायचे. त्यांचं कार्यालय १४८४ साली राजा तिसरा रिचर्ड याने लंडनमध्ये सुरू करून दिलं. ते आजही आहे. सोळाव्या आणि सतराव्या शतकात हे हेरल्ड जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरत, मोठ्या घराण्यांची घरं गाठत, कोण कुणाचा मुलगा ते तपासून लिहून घेत. पुढे छापील पुस्तकं आली. जॉन बर्क नावाच्या माणसाने १८२६ मध्ये सरदार घराण्यांच्या वंशावळींचं पुस्तक काढलं. नंतर त्याच्या नव्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. 'बर्कमध्ये नाव आहे' म्हणजे घराणं जुनं, असं तिकडे मानतात.

एवढा खटाटोप कशासाठी? नुसत्या मानासाठी नाही. वंशावळीच्या प्रत्येक फांदीच्या टोकाला जमीन लटकलेली असायची. गावं, किल्ले, कुळं, खंड, सगळं त्या एका रेघेवर अवलंबून. ही रेघ कुणाकडे वळते, त्याच्या घरात सगळं जाणार.

आणि ती वळायची कुठे? थोरल्या मुलाकडे. धाकट्यांना वाटा नाही. धाकटे मग सैन्यात जायचे, चर्चमध्ये पाद्री व्हायचे, नाहीतर नशीब काढायला हिंदुस्थानात यायचे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. पेशवाई बुडाली तेव्हा पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता तो. पुढे १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर झाला. मुंबईतलं एल्फिन्स्टन कॉलेज त्याच्याच नावाचं. हा स्कॉटलंडमधल्या एका लॉर्डाचा चौथा मुलगा. घरची पदवी थोरल्याला गेली आणि हा कंपनीच्या नोकरीत आला. तिकडच्या वारसाच्या रीतीचा धागा असा आपल्या इतिहासापर्यंत येऊन पोचतो.

हे झालं धाकट्या मुलांचं. मुलींचं काय? मुलींना लग्नात पैसा मिळायचा आणि त्यावर विषय संपायचा. बहुतेक पदव्यांच्या सनदेतच लिहिलेलं असायचं की ही पदवी फक्त पुरुष वारसांकडे जाईल. म्हणजे घरात पाच मुली असल्या तरी पदवी चुलत्याकडे, चुलतभावाकडे, नाहीतर कुठल्या तरी लांबच्या भाऊबंदाकडे जायची.

काही फार जुन्या बॅरन पदव्या मात्र मुलीकडे जाऊ शकत. पण त्यातही एक गंमत बघा. मुलगे दोन असले तर थोरला सगळं घेतो. मुली दोन असल्या तर कायदा म्हणतो, बहिणी सगळ्या सारख्या, त्यांच्यात थोरली-धाकटी नाही. मग पदवी कुणालाच नाही, ती तशीच लोंबकळत राहणार. कधी कधी शेकडो वर्षं! आम्ही हे वाचलं तेव्हा आमच्यातली एक पटकन म्हणाली, "बघा, बायकांना समानता दिली ती नेमकी इथेच!"

आता गोष्टीकडे येऊ.

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायरमध्ये स्किप्टन नावाचा किल्ला आहे. त्याच्या वर वेस्टमोरलंड नावाचा मुलूख. डोंगराळ, थंड आणि मेंढरांचा. या दोन्हीकडे क्लिफर्ड नावाच्या घराण्याची सत्ता होती. या घराण्यात ३० जानेवारी १५९० रोजी एक मुलगी जन्मली. तिचं नाव अ‍ॅन. तिचा बाप जॉर्ज क्लिफर्ड, कम्बरलंडचा अर्ल. मोठा दर्यावर्दी माणूस. जहाजं घेऊन स्पॅनिश लोकांची गलबतं लुटायला जायचा. राणी एलिझाबेथने ३१ डिसेंबर १६०० रोजी ईस्ट इंडिया कंपनीला जी सनद दिली, तिच्यात पहिलं नाव या जॉर्ज क्लिफर्डचं आहे. कंपनीची पहिली सफर निघाली, तिचं मुख्य जहाज याच्याकडूनच विकत घेतलेलं. म्हणजे ज्या कंपनीने पुढे आपल्यावर राज्य केलं, तिच्या जन्माच्या कागदावर पहिलं नाव आपल्या गोष्टीतल्या या बापाचं.

अ‍ॅनला दोन भाऊ होते. दोघेही पाच-सहा वर्षांचे होण्याआधीच गेले. उरली ही एकटी. १६०५ मध्ये बाप वारला तेव्हा अ‍ॅन १५ वर्षांची होती. मृत्युपत्र उघडलं. त्यात लिहिलं होतं की सगळी इस्टेट धाकट्या भावाला, म्हणजे अ‍ॅनच्या चुलत्याला, फ्रान्सिसला द्यावी. लेकीला १५ हजार पौंड द्यावेत.

१५ हजार पौंड ही तेव्हा फार मोठी रक्कम होती. बापाने लेकीला उघड्यावर टाकलं असं कुणी म्हणालं नसतं. उलट लोक म्हणाले असतील, एवढे मिळाले, आणखी काय हवं? हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे ना?

पण अ‍ॅनची आई गप्प बसली नाही. तिचं नाव मार्गारेट. तिने जुने कागद शोधायला सुरुवात केली. जाणकार माणसं लावली, लंडनमधल्या सरकारी दप्तरांतून नकला काढवल्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी जुळवल्या. त्यातून निघालेली गोष्ट अशी. अर्ल ही पदवी पुरुष वारसाचीच होती, ती चुलत्याला जाणं बरोबर होतं. जमिनीचं मात्र तसं नव्हतं. ती अर्ल पदवीपेक्षा जुनी होती. राजा दुसरा एडवर्ड याच्या काळापासून, म्हणजे तीनशे वर्षांपासून, ती वंशातल्या पुढच्या संततीकडे चालत आली होती. संतती म्हणजे मुलगा किंवा मुलगी. 'पुरुष वारस' हा शब्द तिथे नव्हताच.

आणखी एक गोष्ट निघाली. वेस्टमोरलंडची जमीन मुळात क्लिफर्डांची नव्हतीच. ती होती व्ह्यूपोन्त नावाच्या घराण्याची. त्या घराण्यात तेराव्या शतकात मुलगा उरला नाही, दोन मुली उरल्या. त्यांतली इझाबेला क्लिफर्डांच्या घरात सून म्हणून आली आणि तिच्याबरोबर ती जमीन आली. म्हणजे जी जमीन मुलीला देता येत नाही म्हणत होते, ती त्या घरात आलीच होती एका मुलीच्या नावाने!

मैत्रिणींनो, वंशावळ नीट वाचली की अशा गोष्टी सापडतात. वरवर पुरुषांच्या नावांची रांग दिसते. पण जमीन कुठून आली, हे बघत मागे गेलं की कुठे तरी एक बाई उभी असते.

मायलेकींनी दावा लावला. मध्ये अ‍ॅनचं लग्न झालं, डॉर्सेटच्या अर्लशी. या नवऱ्याचे शौक मोठे, कर्ज मोठं. त्याला जमिनीपेक्षा रोख रक्कम हवी होती. चुलत्याकडून पैसे घ्यावेत आणि अ‍ॅनने हक्क सोडल्याची सही करावी, असा त्याचा हट्ट. १६१६ साली तिच्यावर चारी बाजूंनी दबाव आला. कँटरबरीच्या आर्चबिशपने, म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या धर्मगुरूने, तिला बाजूला नेऊन दीड तास समजावलं. ती एवढंच म्हणाली की आधी आईला विचारते.

आणि खरंच ती उत्तरेला आईकडे गेली. ब्रूम नावाच्या किल्ल्यात आई राहत होती. मायलेकींचं बोलणं झालं. २ एप्रिल १६१६ रोजी किल्ल्याजवळच्या रस्त्यावर दोघींनी निरोप घेतला. तीच त्यांची शेवटची भेट. मे महिन्यात आई वारली.

त्याच मे महिन्यात नवऱ्याने तिची मुलगी तिच्यापासून काढून दुसऱ्या घरी नेली. मुलगी पुरती दोन वर्षांचीही नव्हती. हे सगळं अ‍ॅनने आपल्या डायरीत लिहून ठेवलं आहे, म्हणून आज आपल्याला कळतं. या दिवसांत ती फार रडली, हेही तिने लपवलेलं नाही.

जानेवारी १६१७ मध्ये गोष्ट राजापर्यंत गेली. राजा पहिला जेम्स. नवरा-बायको दोघं त्याच्यापुढे गुडघ्यावर बसली. राजा म्हणाला, सगळं माझ्यावर सोपवा, मी निवाडा करतो. नवरा लगेच तयार झाला. अ‍ॅन तेव्हा २६ वर्षांची. आई नाही, भाऊ नाही, समोर देशाचा राजा. ती म्हणाली की जिवंत असेपर्यंत कोणत्याही अटीवर मी वेस्टमोरलंड सोडणार नाही. राजाने समजावलं, मग राजा चिडला. तिने सही केली नाही. राणीने मात्र तिला आधीच हळूच सावध केलं होतं, की राजावर पूर्ण भरवसा टाकू नकोस.

राजाने तिच्या संमतीशिवायच निवाडा दिला. जमीन चुलत्याची आणि त्याच्या पुरुष वारसांची. नुकसानभरपाईची मोठी रक्कम, ती अ‍ॅनच्या नवऱ्याच्या हाती. चुलत्याचा पुरुष वंश संपला, तरच जमीन अ‍ॅनकडे येणार. तो संपेल असं तेव्हा कुणाला वाटलं असेल? चुलत्याला तरुण मुलगा होता.

ती मात्र थांबली. नवरा १६२४ मध्ये वारला. तिने दुसरं लग्न केलं, तेही सुखाचं झालं नाही. चुलता १६४१ मध्ये गेला. आणि १६४३ च्या डिसेंबरात चुलतभाऊ गेला, तेव्हा त्याच्यामागे मुलगा नव्हता. बाप गेल्यावर ३८ वर्षांनी, वयाच्या ५३ व्या वर्षी जमीन अ‍ॅनकडे आली. तेव्हा देशात यादवी युद्ध पेटलेलं होतं, म्हणून प्रत्यक्ष तिथे पोचायला १६४९ साल उजाडलं.

इथे खरं ते सांगायला हवं. अ‍ॅन दावा जिंकली नाही. चुलत्याचा वंश खुंटला म्हणून तिला मिळालं. चुलतभावाला मुलगा झाला असता तर ती तशीच गेली असती. पण तिचा हक्क आहे हे ती ३८ वर्षं लिहीत राहिली, सांगत राहिली. कुणालाही 'हिने आपणहून सोडलं' असं म्हणता आलं नाही.

जमीन हातात आल्यावर तिने पडके किल्ले बांधून काढले. स्किप्टन, ॲपलबी, ब्रूम, ब्रॉ आणि पेंड्रॅगन. ॲपलबी गावात विधवा बायकांसाठी घरं बांधली. आईचा शेवटचा निरोप घेतला त्या जागी १६५६ मध्ये दगडी खांब उभा केला. शेजारी दगडी चौथरा बांधला आणि दर वर्षी २ एप्रिलला त्यावर गावच्या गरिबांना चार पौंड वाटायचे, असं लावून दिलं. तो खांब अजून रस्त्याकडेला उभा आहे.

आणि तिने वंशावळ लिहून घेतली. आईने जमवलेले कागद पुढे वाढवून तीन मोठे ग्रंथ केले. त्यात व्ह्यूपोन्त घराण्यापासूनचे दस्त आहेत. प्रत्येक पिढीतल्या पुरुषाबरोबर त्याच्या बायकोचं, मुलींचं काय झालं, तेही आहे. तिच्या थडग्यावर तिचा पुतळा नाही. भिंतीवर फक्त घराण्यांच्या ढालींची चिन्हं आहेत, कोण कुणाच्या पोटी आलं ते दाखवणारी. त्याच चर्चमध्ये तिच्या आईचं थडगं आहे. १६७६ मध्ये ८६ वर्षांची होऊन ती वारली. त्यानंतर १५ वर्षांनी, १६९१ मध्ये, तिच्या नातवाने बॅरन क्लिफर्ड ही जुनी पदवी मागितली. तिथल्या वरच्या सभागृहाने ती त्याला दिली, आणि ती अ‍ॅनच्या बाजूने आली म्हणूनच दिली. म्हणजे ती पदवी अ‍ॅनचीच होती, हे कागदावर आलं. ते बघायला ती नव्हती.

आम्ही तिला देवी करत नाही. ती मोठी जमीनदारीण होती. खंडासाठी तिने आपल्या कुळांवर खटले भरले. त्या कुळांच्या घरातल्या बायकांची नावं कुठल्याच वंशावळीत नाहीत. आपण तिथे असतो तर त्या कुळांच्या घरातच असतो, हे विसरायला नको.

तिकडे नंतर काय झालं, तेही थोडक्यात सांगतो. ज्या स्त्रियांना स्वतःच्या हक्काने पदवी मिळाली होती, त्यांनाही वरच्या सभागृहात बसू देत नव्हते. व्हायकाउंटेस ऱ्होंडा या बाईंनी १९२२ मध्ये प्रयत्न केला, तो नाकारला. तो हक्क मिळायला १९६३ साल उजाडलं. आपले शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांना दोन मुलीच होत्या. म्हणून त्यांच्या सनदेत मुलीला पदवी जाईल असं खास लिहून घेतलं होतं. १९७९ मध्ये ते गेले आणि थोरली मुलगी पॅट्रिशिया काउंटेस झाली. कागदात एक ओळ असली की काय होतं बघा. राजगादीसाठी २०१३ मध्ये कायदा बदलला. आता थोरलं अपत्य मुलगी असली तरी गादी तिची. पण सरदारांच्या बहुतेक पदव्या आजही मुलाकडेच जातात.

आपल्याकडे कायदा या बाबतीत पुढे आहे. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाएवढा हक्क मिळाला. महाराष्ट्राने तर १९९४ मध्येच पाऊल उचललं होतं. हा हक्क जन्माने असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण हक्क जन्माने आला तरी तो सहीने जातो. हक्कसोडपत्र एकदा नोंदलं की मागे येणं फार अवघड.

आमच्या त्या मैत्रिणीचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. तिने कागदाची नक्कल मागून आणली. आम्ही सगळ्यांनी मिळून वाचली. ते हक्कसोडपत्रच होतं. तिचा भाऊ वाईट नाही. आईला त्यानेच सांभाळलं, शेतावर कर्जही आहे. आणि माहेरचं दार बंद होईल ही भीती तिला रात्री झोपू देत नाही. तिने सही करावी की करू नये, हे आम्ही सांगितलं नाही. तो निर्णय तिचा. भावाला ती एवढंच म्हणाली, "दादा, मला वेळ दे. मी वाचून, विचारून सांगते." भाऊ दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला, की ये, बसून बोलू. ती पुढच्या आठवड्यात जाणार आहे. यावेळी सातबाऱ्याचा उतारा बरोबर घेऊन.

तुम्हाला आमची एक विनंती आहे. या महिन्याच्या बैठकीत प्रत्येकीने आपली वंशावळ लिहून आणा. सासरची एक, माहेरची एक. त्यात आज्जीचं नाव घाला, पणजी आठवली तर तिचंही घाला. आत्या, मावश्या, लग्न होऊन गेलेल्या बहिणी, कुणाला गाळू नका. वारस नोंदीच्या वेळी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करतात, तेव्हा त्यात मुलींची नावं आहेत का, ते डोळ्यांनी बघा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शेजारणीने वाचून दाखवा. आणि समजल्याशिवाय अंगठा उठवू नका.

पुढच्या भागात तुमच्या वंशावळींतून काय काय निघालं, ते ऐकवू. तोवर नमस्कार.